मोझांबिकचा काजू: बाजार खुला केला, पैसा नेमका कोणाच्या हातात गेला?

जागतिकीकरणाने गरिबी हटते का वाढते यावर वाद सुरू झाला की दोन्ही बाजूंच्या खिशात आकडे तयार असतात. एक म्हणतो १९९० मध्ये जगातली साधारण ३६ टक्के माणसं अतिगरीब होती, २०१५ पर्यंत ती १० टक्क्यांच्या आसपास आली, चीन बघा, व्हिएतनाम बघा. दुसरा म्हणतो आफ्रिका बघा. खोटं कोणीच बोलत नसतं, पण ऐकणाऱ्याला कळत काहीच नाही, कारण जगाच्या सरासरीत कोण वर गेला आणि कोण चिरडला हे दिसतच नाही. म्हणून इथे एकच प्रकरण घेतलंय, एक देश, एक पीक आणि साधारण १९९० ते २००५ चा काळ. देश, संस्था, सालं खरी आहेत, कारखाने, व्यापारी आणि कामगार मात्र निनावीच ठेवलेत.

पार्श्वभूमी

काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो जसा गोव्याकडे आणला तसाच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिकलाही नेला, आणि तिथल्या रेताड जमिनीत तो असा काही रुजला की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जगातली जवळपास निम्मी काजू बी एकट्या मोझांबिकमधून यायची, वर्षाला २ लाख टनांच्या वर. यातली बहुतेक झाडं छोट्या शेतकऱ्यांची, घराच्या आसपास दहा-वीस झाडं, खाली मका नाहीतर कसावा (साबुदाण्याचा कंद), आणि रोख पैसा बघायला मिळायचा तो काजूच्या हंगामातच. अशी दहाएक लाख कुटुंबं धरा.

आधी ही बी जहाजात भरून सरळ भारतात यायची, फोडायचं काम केरळात कोल्लमच्या पट्ट्यात व्हायचं. १९६० च्या दशकात मोझांबिकमध्येच मोठे यांत्रिक कारखाने उभे राहिले. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि पोर्तुगीज लोक घाईघाईने निघून गेले. त्यांच्याबरोबर नुसते मालक गेले नाहीत, मेकॅनिक गेले, हिशेबनीस गेले, आणि खेडोपाडी जी छोटी दुकानं होती, कांतिना म्हणायचे त्यांना, ती बंद झाली. हे दुकान शेतकऱ्याकडून बी घ्यायचं आणि त्याला कापड, साबण, मीठ द्यायचं, म्हणजे खरेदी केंद्रही तेच आणि बाजारही तोच. पुढे जे काही झालं त्यात या बंद पडलेल्या दुकानांचा हात मोठा आहे पण त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही.

नव्या सरकारने कारखाने ताब्यात घेतले आणि १९७८ मध्ये कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली. हेतू सरळ होता, बी इथलीच, फोडा इथेच, रोजगार इथेच. मग यादवी युद्ध पेटलं ते १९९२ पर्यंत चाललं. रस्त्यांवर सुरुंग, गावं उठलेली, झाडांकडे बघायला कोणी नाही, त्यात भुरी रोग. झाडं म्हातारी होत गेली, नवी लागवड जवळपास थांबली, उत्पादन घसरून जुन्या शिखराच्या पाव भागावरही राहिलं नाही.

अडचण काय होती

१९९० च्या दशकात मोझांबिक जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता आणि सरकारचा गाडा परदेशी मदतीवर चालायचा. जागतिक बँकेने काजूकडे बोट दाखवलं आणि मुद्दा मांडला तो वरवर बघता बिनतोड होता. शेतकरी दहा लाख कुटुंबं, कारखान्यातले कामगार साधारण १० हजार. बंदीमुळे शेतकऱ्याला भारतीय खरेदीदाराला विकता येत नाही, गावातल्या कारखान्याच्या एजंटला पडेल भावात द्यावी लागते. म्हणजे गरीब शेतकरी आपल्या खिशातून कारखाना पोसतोय. दार उघडा, भाव वाढेल, भाव वाढला की शेतकरी झाडं लावेल, गरिबी कमी होईल.

बँकेचा दुसरा मुद्दा जास्त बोचरा होता. त्यांचं म्हणणं असं की हे कारखाने मालाची किंमत वाढवत नाहीत, उलट घटवतात. ऐकायला विचित्र वाटतं ना, कच्चा माल घेऊन तयार माल करायचा आणि किंमत कमी कशी होईल? पण काजूत हे होऊ शकतं, आणि का ते समजून घ्यायला बी फोडायची कशी हेच बघावं लागेल.

एक किलो गरासाठी साधारण चार-साडेचार किलो बी लागते, बाकी टरफल. टरफलात जो चीक असतो तो अंगाला लागला की कातडी भाजते. म्हणून बी आधी भाजतात किंवा वाफवतात, मग फोडतात, मग गर वाळवून वरचं तांबडं साल काढतात. सगळा पैसा आहे तो अख्ख्या गरात. अख्खा पांढरा गर निघाला तर एक भाव, पाकळी झाली की भाव पडला, तुकडा झाला की आणखी पडला, कणी तर विचारूच नका. भारतात हे काम बायका हाताने करायच्या, एकेक बी बघून, आणि त्यामुळे अख्खा गर जास्त निघायचा. मोझांबिकच्या मोठ्या कारखान्यांत काही ठिकाणी बी यंत्रातून जोरात पत्र्यावर आपटून फोडायचे. काम झटपट, पण गराचे तुकडे. त्यात यंत्रं जुनी, सुटे भाग मिळत नाहीत, वीज जाते. मग असं व्हायचं की एक टन बी भारताला तशीच विकली असती तर जेवढे डॉलर आले असते तेवढे ती फोडून तुकडे विकून येईनात.

भारतीय कारखानदाराला ही बी महाग घ्यायला परवडायची त्याला अजून एक कारण. मोझांबिकचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी, भारताचा फेब्रुवारी-मार्चपासून पुढे. म्हणजे कोल्लमला स्वतःची बी संपून कारखाने रिकामे असतात नेमका तेव्हा मोझांबिकचा माल तयार. रिकाम्या कारखान्याला मजुरी सुटली तरी चालतं.

तर बँक चुकीचं बोलत होती असं नाही. रोगाचं निदान बऱ्याच अंशी बरोबर होतं. औषधाचा डोस आणि क्रम यावर हे प्रकरण फिरलं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला, आहे तसं चालू ठेवा, बंदी, सरकारी कारखाने, पडेल भाव. हा टिकणारा नव्हताच. सरकारकडे तोटा भरायला पैसे नव्हते आणि शेतकऱ्याने काजूकडे पाठ फिरवली होती.

दुसरा, एका झटक्यात सगळं खुलं करा. बंदी काढा, निर्यातकर शून्य, कोणीही विकत घ्या, कोणीही पाठवा.

तिसरा, बंदीच्या जागी निर्यातकर आणून तो हळूहळू कमी करा पण तारखा आधीच जाहीर करा, म्हणजे कारखानदाराला ठरवता येईल की यंत्र बदलायचं का दुकान बंद करायचं.

चौथा, निर्यातकर लावून तो ठेवा पण त्यातून येणारा पैसा बाजूला काढून झाडांवर आणि औषध फवारणीवर खर्च करा. यात शेतकऱ्याला भावात थोडं कमी मिळेल पण बी जास्त निघेल.

पाचवा पर्याय टेबलावर आलाच नाही असं म्हणायला हरकत नाही. तो म्हणजे कराला हात लावायच्या आधी गावातली खरेदीची साखळी पुन्हा उभी करणं, रस्ते, गोदामं, छोट्या खरेदीदारांना भांडवल. हे काम संथ असतं, त्याचा निकाल मोजता येत नाही आणि कर्जाच्या अटींच्या कागदावर ते एका ओळीत बसत नाही. कराचा दर मात्र बसतो.

काय केलं गेलं

१९९१-९२ च्या सुमारास बंदी उठवून त्याजागी जबर निर्यातकर आणला. १९९४-९५ मध्ये सरकारी कारखाने खासगी लोकांना विकले. ज्यांनी घेतले त्यांचं म्हणणं होतं की आम्हाला संरक्षण चालू राहील असं सांगण्यात आलं होतं, त्या भरवशावर आम्ही पैसे घातले. आणि लगेच १९९५ मध्ये जागतिक बँकेने काजूचा व्यापार खुला करणं ही पुढच्या मदतीची आवश्यक अट केली. कर बंदरावरच्या भावाच्या २० टक्क्यांवर आला, पुढच्या हंगामात १४ वर, आणि पुढे शून्याकडे नेण्याचा बेत.

कारखानदार खवळले, कामगार संघटना रस्त्यावर आली, राजधानी मापुतोच्या वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. संपादक कार्लोस कार्दोझो यांनी यावर सातत्याने लिहिलं, बँकेच्या आकडेवारीची चिरफाड केली. (पुढे २००० मध्ये त्यांचा खून झाला, तो एका बँक घोटाळ्याच्या शोधामुळे, काजूमुळे नव्हे, पण हा माणूस या कथेत आहे हे विसरता येत नाही.) १९९७ मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन मापुतोला आले आणि हे धोरण पुन्हा तपासायला तयार झाले. स्वतंत्र अभ्यास झाला, त्याने सांगितलं की वाढीव भाव शेतकऱ्यापर्यंत नीट पोचलेला नाही आणि उद्योगाला काही काळ संरक्षण हवं. त्याच वर्षी सरकारने काजूसाठी इन्काजू नावाची वेगळी संस्था काढली, रोपं, फवारणी, उद्योगाला हात देणं ही कामं तिच्याकडे. शेवटी १९९९ मध्ये मोझांबिकच्या संसदेने कायदा करून कच्च्या बीवरचा कर उलट वाढवला, १८ ते २२ टक्के.

पण तोवर उशीर झाला होता.

मग काय झालं

कारखाने एकामागून एक बंद पडले. २००१ पर्यंत त्या दहा हजार कामगारांपैकी बहुसंख्य घरी बसले होते. यात बायका भरपूर होत्या, आणि ज्या छोट्या शहरांत कारखाना होता तिथे दुसरी नोकरी म्हणून काही नव्हतंच. अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की एका उद्योगातून सुटलेला कामगार दुसऱ्या, जास्त उत्पादक उद्योगात जातो. इथे तो दुसरा उद्योग कुठे होता? २००० मध्ये मापुतोजवळ मोझाल हा अॅल्युमिनियमचा प्रचंड प्रकल्प सुरू झाला, शंभर कोटी डॉलरच्या वरची गुंतवणूक, देशाच्या निर्यातीचे आकडे एकदम उडाले, पण कायम नोकऱ्या साधारण हजार-बाराशे आणि त्याही शिकलेल्या तंत्रज्ञांना. काजू सोलणाऱ्या बाईला तिथे कोण घेणार.

आता शेतकरी. त्याच्यासाठीच तर हे सगळं केलं होतं. अर्थशास्त्रज्ञ डॅनी रॉड्रिक आणि दोन सहकाऱ्यांनी २००२ मध्ये याचा हिशेब मांडला. व्यापार खुला केल्याचा थेट फायदा वर्षाला साधारण ६६ लाख डॉलर, म्हणजे देशाच्या जीडीपीच्या ०.१४ टक्के. त्यातला शेतकऱ्यांच्या वाट्याला आलेला भाग जास्तीत जास्त ५३ लाख डॉलर. दहा लाख कुटुंबांत वाटला की एका कुटुंबाला वर्षाला ५ डॉलर ३० सेंट. वर्षाला, बरं का, महिन्याला नाही. आणि एकूण जो फायदा झाला त्यातला मोठा भाग शहरातल्या बेकारीने खाऊन टाकला.

एवढं कमी का? इथे थांबून नीट बघायला हवं कारण सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

समजा बंदरावर बी १०० ला जाते आणि कर २० आहे. निर्यातदाराच्या हातात राहिले ८०. कर १४ केला, हातात आले ८६. हे वरचे ६ कोणाचे? धोरण आखणाऱ्याच्या कागदावर ते शेतकऱ्याचे. पण प्रत्यक्षात गावात काय घडतं बघा. हंगाम आणि पाऊस साधारण एकाच वेळी. बी ओली राहिली की गर डागाळतो, आणि साठवायला कोरडी जागा शेतकऱ्याकडे नाही. ट्रक येतो एकाच व्यापाऱ्याचा, पोती त्याची, माप त्याचं, रोकडही त्याला वरच्या निर्यातदाराने आगाऊ दिलेली. पुढचा ट्रक कधी येईल, येईल का, माहीत नाही. शेतकरी त्या दिवशी जो भाव मिळेल त्याला देऊन मोकळा होतो. बंदरावर ८६ झाले हे त्याला कळतही नाही, आणि कळलं तरी करणार काय? गावात तीन व्यापारी असते तर त्यांनी एकमेकांवर बोली लावून ते ६ खाली आणले असते. एकच असेल तर तो ते कशाला देईल?

हे झालं खालचं टोक. वरच्या टोकालाही तेच. मोझांबिकची कच्ची बी घेणारा देश त्या काळी जवळपास एकच, भारत. देशातले कारखाने चालू होते तोवर निर्यातदाराकडे निदान दुसरं गिऱ्हाईक होतं. ते बंद पडले की बाहेरच्या खरेदीदाराला स्पर्धाच उरली नाही, मग तो १०० कशाला देईल, ९५ देईल. म्हणजे कर कपातीतला काही भाग देशाबाहेरच निघून गेला. सरकारचा महसूल गेला, कामगाराची मजुरी गेली आणि त्यातून वाचलेला पैसा वाटेतल्या वाटेत जिरला, पाटाला भोकं असली की विहिरीचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जात नाही तसंच.

आणि झाडं? शेतकऱ्याने झाडं लावली का? नाही, निदान अपेक्षेएवढी अजिबात नाही. काजूचं रोप लावून नीट बी मिळायला तीन-चार वर्षं लागतात, भरघोस यायला त्याहून जास्त. आज दोन पैसे भाव वाढला म्हणून कोणी दहा वर्षांचा निर्णय घेत नाही, तेही अशा देशात जिथे धोरण दर दोन वर्षांनी पलटतंय आणि युद्ध संपून जेमतेम काही वर्षं झालीत. शेतकरी अडाणी नव्हता, तो बरोबर विचार करत होता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. याच काळात मोझांबिकची एकूण गरिबी कमी झाली, सरकारी पाहणीनुसार १९९६-९७ मध्ये ६९ टक्के लोक गरिबीत होते, २००२-०३ मध्ये ५४ टक्के. युद्ध थांबलं, लोक शेतावर परतले, रस्ते झाले, मदत आली. त्यामुळे 'जागतिकीकरणाने मोझांबिक बुडाला' असं कोणी लिहिलं तर ते खोटं आहे. पण तो आकडा दाखवून 'बघा, काजूचं धोरण बरोबर होतं' म्हणणंही तितकंच खोटं, कारण त्या घटीत काजूच्या कर कपातीचा वाटा साडेपाच डॉलरही नव्हता. आणि पुढच्या २००८-०९ च्या पाहणीत गरिबी पुन्हा ५४-५५ टक्क्यांवरच अडकलेली दिसली, अर्थव्यवस्था जोरात वाढत असताना.

निर्णयाच्या जागा, आणि तिथे वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा, कारखाने विकायचा क्षण. माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथे झाला. विक्री आधी आणि कराचं धोरण नंतर, हा क्रमच उलटा. घेणाऱ्याने एका नियमावर किंमत मोजली आणि वर्षभरात नियम बदलला. आधी सांगितलं असतं की कर अमुक साली इतका, तमुक साली शून्य, तर ज्यांना हाताने फोडायच्या पद्धतीवर जायचं होतं ते गेले असते, ज्यांना झेपणार नव्हतं त्यांनी बोलीच लावली नसती किंवा भंगाराच्या भावात लावली असती. सरकारला विक्रीतून कमी पैसे मिळाले असते हे खरं, पण निदान फसवणूक झाल्याची भावना आली नसती आणि त्या भावनेने पुढची चार वर्षं जे राजकारण पेटवलं ते टळलं असतं.

दुसरी जागा, १९९५ ची अट. इथे बँकेचा डोस योग्य होता का यापेक्षा तो कोणी दिला हे जास्त महागात पडलं. सरकारला मनापासून पटलेलं नाही, फक्त पैशासाठी केलंय, हे देशातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे कारखानदार यंत्रं बदलण्याऐवजी लॉबिंगला लागले, कारण उद्या कर परत वाढेल अशी आशा होती, आणि १९९९ मध्ये तो वाढलाही. शेतकऱ्यानेही तेच गणित केलं, आज चढलेला भाव उद्या टिकेलच कशावरून. म्हणजे दोन्ही बाजू एकाच कारणाने हात बांधून बसल्या. ज्या सुधारणेवर कोणाचाच विश्वास नाही तिची किंमत लगेच मोजावी लागते आणि फायदा कधी येतच नाही.

तिसरी जागा, कामगार. ज्या फायद्याचा हिशेब मांडला त्यातून नुकसानभरपाईचा एक पैसाही आधी बाजूला काढलेला नव्हता. ६६ लाख डॉलर फायदा आणि दहा हजार कामगार, भागाकार केला तर माणशी वर्षाला साडेसहाशे डॉलरच्या आसपास येतात, तिथल्या तेव्हाच्या उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम लहान नाही. म्हणजे फायदा खरोखर तेवढा होता तर त्यातून दोन वर्षं कामगारांना सांभाळणं कागदावर तरी शक्य होतं. पण फायदा लाखो घरांत चिमूटभर विखुरलेला आणि तोटा दहा हजार घरांत पूर्ण, मग तो गोळा करून वाटायचा कसा? त्याला सरळ मार्ग एकच होता, तो म्हणजे निर्यातकर, आणि तोच तर काढून टाकायचा होता. ही खरी पेचाची जागा आहे, याला सोपं उत्तर मलाही दिसत नाही.

चौथी, आणि सगळे जिच्यावरून उडी मारून गेले ती, झाडं. जुनी झाडं, भुरी, झाडामागे दोन-तीन किलो उत्पन्न. वेळेवर फवारणी आणि नवी कलमं यांनी त्याच झाडावर कितीतरी जास्त बी येते हे शेजारच्या टांझानियात दिसलं होतं, तिथे गंधकाच्या फवारणीने काजू सावरला. शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवायचा हा रस्ता कर कपातीपेक्षा कितीतरी रुंद होता. वाद मात्र सगळा कराच्या टक्क्यांवर झाला, कारण त्यावर भांडणारे लोक शहरात होते.

पुढची गोष्ट

२००१ नंतर एक वेगळी हालचाल सुरू झाली. उत्तरेकडच्या नाम्पुला प्रांतात, जिथे बी सगळ्यात जास्त पिकते, तिथे छोटे कारखाने निघू लागले. टेक्नोसर्व्ह या संस्थेने तंत्र आणि हिशेब शिकवला, इन्काजूने कर्जाला हमी दिली. आपटून फोडणारं यंत्र नाही, वाफवायचं आणि पायाने चालवायच्या साध्या कटरवर हाताने फोडायचं, म्हणजे जवळजवळ भारतीय पद्धतच. जागाही बंदराच्या शहरात नाही तर बागांच्या जवळ, गावातली माणसं कामाला. अख्खा गर जास्त निघू लागला, काही हजार नोकऱ्या परत आल्या. यातले अनेक कारखाने एकत्र येऊन एकाच नावाखाली माल युरोप-अमेरिकेत पाठवू लागले. आणि गंमत म्हणजे या कारखान्यांना वाचवलं त्यातला एक मोठा टेकू तो १८ टक्क्यांचा कर, ज्याचा पैसा इन्काजूकडे रोपं आणि फवारणीसाठीही वळवला गेला.

म्हणजे बँकेचं म्हणणं की जुने कारखाने कुचकामी आहेत, ते खरं निघालं. आणि कारखानदारांचं म्हणणं की इथे काजू फोडून धंदा होऊ शकतो, तेही खरं निघालं. १९९५ मध्ये दोघांनी एका टेबलावर बसून यंत्राची गोष्ट काढली असती तर मधली सहा-सात वर्षं आणि हजारो नोकऱ्या वाचल्या असत्या असं मला वाटतं, पण तेव्हा कोणी यंत्राबद्दल बोलतच नव्हतं, सगळे कराबद्दल बोलत होते.

हे नवे कारखाने सुखाने नांदले असंही नाही. व्हिएतनामने दरम्यान फोडायची स्वयंचलित यंत्रं विकसित केली, त्यांत गर फारसा तुटत नाही, आणि जगभरातून कच्ची बी ओढायला सुरुवात केली. हाताने फोडण्याचा जो फायदा होता तोच निसटला, नाम्पुलातले काही कारखाने पुन्हा बंद पडले.

कच्च्या बीचं आजचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे आयव्हरी कोस्ट, आणि तिथलीही बहुतेक बी न फोडताच व्हिएतनाम आणि भारताकडे जाते. तिथल्या सरकारने कायमच्या बंदीचा रस्ता धरला नाही, गर तयार करून निर्यात करणाऱ्याला किलोमागे अनुदान द्यायला सुरुवात केली, शिवाय हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्यासाठी किमान भाव जाहीर करतात. हा किमान भाव कागदावर किती आणि झाडाखाली रोख किती मिळतो, आणि एका गावात किती ट्रक येतात, हे दोन आकडे जो कोणी दोन-तीन हंगाम नीट गोळा करेल त्याला तिथल्या गरिबीचं काय होतंय ते निर्यातीच्या तक्त्यांपेक्षा आधी कळेल.